सर्जाच्या आईचं मोडकं सामान

साठ ते चौसष्ट या चार वर्षांत कोरेगाव तालुक्याच्या एका कोपऱ्यात कुठलीही वस्तू मोडून सुखानं पडून राहू शकली नाही, आणि त्याला सर्वस्वी सर्जाची आई जबाबदार होती. लोक देवदर्शनाला बाहेर पडतात, लग्नं जमवायला बाहेर पडतात. ही बाई मोडकं शोधायला बाहेर पडायची. कुणाच्या ओसरीवर पाय ठेवला की 'काय चाललंय' नाही, एकदम 'काय मोडलंय?' कंदिलाची वात वर येत नाही, कुलपात किल्ली अडकते, स्टोव्हला पिन करूनही ज्योत पिवळीच येते, असं काही कानावर पडलं की तिचा चेहरा असा फुलायचा की आपलं नुकसान झालंय की भलं झालंय, हे घरच्या माणसाला कळेनासं व्हायचं. मग ती वस्तू धडप्यात बांधली जायची आणि रविवारी पहिल्या एस.टी.नं साताऱ्याला आमच्या घरी येऊन दाखल व्हायची.

आमच्याच घरी का, ते सांगतो. माझे वडील शाळामास्तर. तिच्या गावात सहा वर्षं काढून ते बदलीनं साताऱ्याला आले. त्या ओळखीवर तिचा एकुलता एक मुलगा सर्जेराव आमच्या घरी राहून सरकारी टेक्निकल हायस्कुलात शिकत होता, माझ्याच वर्गात. त्यांचं गाव फौजी. घरटी एक माणूस पलटणीत. सर्जाचे वडील हवालदार, वर्षातून दोन महिने रजेवर दिसणारे. पोरगं मोठं झालं की फौजेत जाणार, हे त्या गावात पेरणीइतकं ठरलेलं होतं, आणि सर्जाच्या आईनं त्याला कधी 'नको' म्हटलं नाही. मात्र तिचा धाकटा भाऊ मोठ्या लढाईत इटलीत राहिला होता. 'राहिला' असंच ती म्हणायची, जसं काही तिथं त्यानं घर बांधलं होतं. सर्जा सातवी पास झाला तेव्हा त्याला घेऊन ती वडिलांकडे आली आणि उभ्याउभ्याच विचारती झाली, "मास्तर, फौजंत बंदूक न्हाई घ्यायची आन् म्हागं ऱ्हाऊन काम करायचं, आसं कोन आसत्यात?"

वडील म्हणाले, "असतात की. गाड्या दुरुस्त करणारे फिटर, वायरमन, सुतार, झालंच तर—"

"फिटर करा त्येला," ती म्हणाली. यादी पुरी व्हायच्या आत सर्जाचं आयुष्य ठरलं.

अडचण एकच होती. सर्जाच्या हातांना हे कुणी कळवलं नव्हतं. आमच्या शाळेत फिटिंगच्या तासाला प्रत्येकाला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा मिळायचा. तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचा आणि कानशीनं घासून घासून सपाट, काटकोनी करायचा. या तुकड्याला 'जॉब' म्हणत. इतरांचे जॉब महिन्याभरात चौकोनी दिसू लागले. सर्जाचा जॉब दर आठवड्याला वेगळाच दिसायचा, आणि सहामाहीपर्यंत त्याला निदान पाच बाजू फुटल्या होत्या. शिवाय त्याचं मन त्यात नव्हतंच. त्याला हवी होती बंदूक. आमच्या अंगणात परसातली काठी खांद्याला लावून तो एकटाच कवायत करायचा. मी म्हटलं, "अरे, फिटर पण फौजीच." तर म्हणाला, "मग काय पाना हातात घिऊन फोटू काढू व्हय?"

तशी ती शाळा सगळ्याच पालकांना एक कोडं होती. पोरगं शाळेत जातं म्हणावं तर पाटी-पुस्तकापेक्षा नखातलं काळं तेलच जास्त घरी येतं. एका वकिलांनी मुलाच्या सदऱ्याची दशा बघून त्याला पंधरा दिवसांत काढून घेतलं. दुसऱ्या एका ऊसवाल्या बापाचा समज असा की वर्षअखेरीला मुलगा एक इंजिन घेऊनच घरी येणार. पालकसभेला हे सगळे नव्या टोप्या घालून, हात मांडीवर ठेवून बाकांवर बसायचे आणि हेडमास्तरांनी मुलाचे मार्क वाचले की समजल्यासारखी मान हलवायचे. सर्जाच्या आईनं या सभेची पार रया घालवली. हेडमास्तरांनी वाचलं, "सर्जेराव, फिटिंग, शंभरात बत्तीस." ती उठली. "आकडा ऱ्हाऊ द्या तिकडं. काम दावा." पालकांनी काम बघायची रीत नव्हती. पण ती तोवर दारातून वर्कशॉपकडे चालायला लागलीसुद्धा होती, म्हणून हेडमास्तर तिच्यामागं, त्यांच्यामागं फिटिंगचे सर, आणि आता सभा इथं आहे की तिथं हे न कळल्यानं त्यांच्यामागं सगळे टोपीवाले, अशी वरात निघाली. तिथं तिनं आधी सर्जानं सुतारकामात केलेला लाकडी सांधा उचलला, दोन्ही टोकं धरून ओढला, आणि तो निमूटपणे तिच्या दोन हातांत दोन झाला. "ह्ये दार आस्तं तर कुत्र्यानं बी ढकाललं आस्तं," ती म्हणाली. फिटिंगचे सर मूळचे सांगलीचे, अत्यंत हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना तिनं विचारलं, "वरसात असं जॉब किती करत्यात?" सर म्हणाले, "चार. पाच झाले तर उत्तम."

"चार?" तिला खरोखरच धक्का बसला होता. "आवं, पोरीला भाकरी शिकवायची तर रोज दुरडीभर कराय लावतो आमी. चारांत काय हात बसतोय?"

मोडक्या सामानाचा उगम हा. शाळा लोखंड देत नाही तर गाव देईल, असा तिनं हिशेब केला आणि पुढच्याच रविवारी दोन कंदील, एक अडकित्ता आणि भजनी मंडळाची हार्मोनियम घेऊन ती हजर झाली. माझ्या रविवारांचं वाटोळं झालं ते तेव्हापासून. मला वर्गात चांगले मार्क होते, हा माझा गुन्हा. त्यामुळं सर्जाचा मदतनीस म्हणून माझी नेमणूक मला न विचारताच झाली होती. आम्ही दोघं अंगणात खाली मान घालून बसलेले, आणि ती आमच्याभोवती येरझाऱ्या घालतेय. तिला बसवायचा माझ्या आईनं चार वर्षं प्रयत्न केला. पाट दिला की ती पाटाचा खिळा ढिला आहे का ते बघायची. चहा दिला की कपाचा कान हलवून बघायची. एकदा आमच्या पाण्याच्या नळाचा थेंब थेंब आवाज तिच्या कानावर गेला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत आमच्या घरी कुणालाही जेवायला वाढलं गेलं नाही. नळ दुरुस्त झाला. पण तोवर सर्जानं तो इतका खोलला होता की गल्लीच्या टोकापर्यंत ओल गेली होती.

एस.टी.चे कंडक्टर तिला दुरून ओळखायचे. कडबा कापायच्या यंत्राचं चाक घेऊन ती चढली त्या दिवशी एक कंडक्टर काकुळतीला येऊन म्हणाला, "मावशे, तुज्या गावात धड असं काय उरलंय का न्हाई?" ती म्हणाली, "तुजी घंटी वाजंना झाली की सांग. रईवारी आणून दीन." आणि कंडक्टरनं घंटीची दोरी आपल्या बाजूला ओढून घेतली, असं सर्जा सांगायचा. पुढं पुढं गावातलं मोडकं खरंच संपत आलं. मग तिनं चांगल्या वस्तू मोडायला सुरुवात केली, अशी तिच्या गावात बोलवा होती. मी त्यावर विश्वास ठेवला नसता. पण सरपंचांचं गजराचं घड्याळ तिनं आणलं तेव्हा ते धडप्याच्या आत टिकटिक करत होतं. "ह्याला काय झालंय?" मी विचारलं. ती जरा दुसरीकडे बघून म्हणाली, "व्हनार हाय." गावच्या वाण्यानं म्हणे ती येताना दिसली की तराजू आत नेऊन ठेवायला सुरुवात केली होती.

मी कुरकुरत होतो, हसत होतो, वर्गात तिच्या नकला करून दाखवत होतो. सर्जालाही लाज वाटायची. "आये, पोरं हसत्यात," तो म्हणायचा. "हसू द्येत. हासनारी काय तुज्या जागी मरनार हाय्त का?" ती म्हणायची आणि पुढची वस्तू त्याच्यापुढं ठेवायची. आणि कधी, ते मला नेमकं सांगता यायचं नाही, पण दहावीच्या सुमाराला सर्जाचे हात बदलले. कंदील हातात घेतला की त्याला काय झालंय हे माझ्या आधी त्याला कळायला लागलं. मी पुस्तकातली आकृती आठवत बसायचो, तोवर त्यानं स्क्रू काढलेला असायचा. एकदा जेवता जेवता शेजारच्या घरातल्या स्टोव्हचा आवाज बदलला, तर हा उष्ट्या हातानं उठून तिकडे. काठीची कवायत बंद पडली होती, आणि आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मार्कांत मी पुढंच होतो. पण फिटिंगचे सर अवघड काही निघालं की आता माझ्याकडे बघत नसत, हे मला लागायचं. अजूनही थोडं लागतं.

अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पालकांना आवारात मज्जाव होता. सर्जाची आई अर्थातच आवारात होती. आम्ही आत जॉब घासत होतो आणि ती वर्कशॉपला बाहेरून फेऱ्या मारत होती; पाचही खिडक्यांतून तिचा हिरवा पदर एकामागून एक सरकत जायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्या खिडकीत यायचा. शेवटी सर बाहेर गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या फेऱ्यांच्या तालावर सगळा वर्ग कानस मारतोय. कृपा करून थांबा." ती थांबली, पण जागेवर पाय हलत होते. सुटल्यावर तिनं सरांनाच गाठलं. "पोटापुरतं आलं न्हवं त्येला?" सर म्हणाले, "बाई, उत्तम आलंय." "मग फौजंत फिटर म्हनून घेत्याली?" "घेतील." "आन् म्हागंच ठेवत्याली न्हवं?" सरांनी आयुष्यात छावणी पाहिली नव्हती. ते आपले सरळ मनानं म्हणाले, "वर्कशॉप नेहमी मागंच असतं, बाई."

सर्जा भरती झाला, ट्रेनिंग झालं, आणि पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. त्या लढाईतून तो हातीपायी धड परत आला, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण एका आईला जे सोसावं लागलं ते वाचणाऱ्यालाही सोसायला लावणं मला बरं वाटत नाही. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? गावात टपाल उशिरा पोचायचं म्हणून तो पत्रं आमच्या पत्त्यावर धाडायचा, आणि ती पत्र आलंय का बघायला एक दिवसाआड साताऱ्याला यायची. अशाच एका दुपारी ती आली तेव्हा पत्र आलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. वडील शाळेत होते. मी वाचायला घेतलं.

तब्येत ठीक आहे, जेवण ठीक आहे, असं बरंच होतं. मग मी अडखळलो. पुढं लिहिलं होतं, 'आमचं वर्कशॉप मागे आहे. पण गाड्या बंद पडतात त्या पुढेच, आणि तिथेच जाऊन चालू कराव्या लागतात. त्याला सगळ्यांना पाठवत नाहीत. ज्यांचा हात चांगला आहे त्यांनाच पाठवतात. साहेबांनी मला निवडलं आहे.'

हे गाळून पुढं जावं असं माझ्या मनात आलं. पण ती समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. "का थांबलास? हाय ते वाच की रं." मी वाचलं. ती दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"हात चांगला हाय म्हनून?"

"हो, मावशी."

"म्हंजी म्याच धाडला म्हनायचा." चार वर्षं जिच्या नकला केल्या त्या बाईपुढं मला रडू येत होतं, आणि ती रडत नव्हती, म्हणून ते जास्तच येत होतं. तिनं विचारलं, "बंद पडल्याली गाडी चालू कराय किती येळ लागतो?"

मला काय माहीत? मी म्हणालो, "अर्धा तास."

"सर्जाला?"

"त्याला वीस मिनिटं."

"ईस न्हाई. पंदरा," ती म्हणाली, आणि मग लगेच, "कागद घे. लिव त्येला. गाडीपाशी गेलास की घाई कर. लय घाई कर आन् म्हागं ये. दुसरं काय लिवू नगंस."

मी लिहिलं. तेवढ्यात वडील आले. मास्तरांच्या सवयीनं त्यांनी पत्र हातात घेऊन वाचलं आणि म्हणाले, "अहो, आईनं असं लिहायचं असतं का? 'जपून राहा' लिहा."

"न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "जपून ऱ्हा म्हनलं तर त्यो तिथं बसून नीट काम करत बसंल. म्या ओळकती त्येला. घाई कर म्हनूनच ऱ्हाऊ द्या."

वडिलांनी पत्र मला परत दिलं. मी पाकीट चिकटवून पत्ता घातला, पोस्टात टाकून येतो म्हणालो. पण तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच पोस्टाकडे निघाली, जवळजवळ पळतच.