कुतुबुद्दीनच्या खिडकीतले ग्रीक

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे भूकंप झाला. त्याचा धक्का कोल्हापुरातही जाणवला, याविषयी दुमत नाही. त्या धक्क्याने कुतुबुद्दीन अत्तार यांच्या आयुष्याला वळण मिळाले, हे विधान मात्र केवळ त्यांचे स्वतःचे आहे आणि त्याला दुजोरा देणारा साक्षीदार सापडलेला नाही.

कुतुबुद्दीन शुक्रवार पेठेतील डॉक्टर सासने यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांना बोलणे आवडत नसे. ते आतल्या खोलीत रोगी तपासत आणि चिठ्ठीवर दोन ओळी खरडून त्याला बाहेर पाठवत. बाहेर लाकडी खिडकीमागे कुतुबुद्दीन मिक्श्चर ढवळत आणि बाटलीला डोस दाखवणारी खाचांची कागदी पट्टी चिकटवत. भूकंपानंतर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जमीन का हलली, असे तावातावाने विचारणारा माणूस ‘रिश्टर’ हा शब्द ऐकताच समाधान पावून गप्प बसतो. रिश्टर हे एका अमेरिकन शास्त्रज्ञाचे आडनाव आहे. पेठेत ते जमिनीखालच्या एखाद्या वायूचे नाव मानले जात होते, आणि समाधानात त्यामुळे काहीही उणे पडत नव्हते.

हा शोध कुतुबुद्दीननी वैद्यकात आणला. डॉक्टरांनी टाकून दिलेला, पुठ्ठा गेलेला एक वैद्यकीय शब्दकोश त्यांच्याकडे होता. त्यातून ते दुखण्याचे परके नाव शोधत आणि बाटलीबरोबर त्या नावाची व्युत्पत्तीही देत. मलेरिया म्हणजे इटलीतली वाईट हवा. एक्झिमा, म्हणजे आपले इसब, हे ग्रीकांचे उकळून वर येणे. कागलचे जोतीराम चौगुले इसबाने वर्षभर बेजार होते. औषधाने त्यांचे इसब किती गेले, हे सांगता येत नाही. त्यांची लाज मात्र एका दुपारीच गेली.

“आमचं इसब न्हाय,” ते गावात सांगत, “ग्रीक हाय.”

लवकरच अशी स्थिती आली की, नाव घेतल्याशिवाय रोगी खिडकी सोडीना. साध्या सर्दीवाल्याला ‘कोरायझा’ मिळाला म्हणून पोटदुखीवाला रुसून बसला. “पावणं, त्येला दिलं आन मला न्हाय? माझं दुखणं काय रस्त्यावर पडलंय व्हय?” डॉक्टर सासने एकदा आतून म्हणाले होते, “कुतुब, औषधापेक्षा तू ग्रीकच जास्त पाजतोस.” परंतु गर्दी वाढत होती, आणि वाढत्या गर्दीला आक्षेप घेणारा डॉक्टर त्या पेठेत तरी नव्हता.

या उद्योगात एकाच नावाने खरे काम केले. अंगावर पांढरे चट्टे येतात, त्याला आपल्याकडे कोड म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’पासून प्राकृतमार्गे आला, आणि येताना महारोगाची भीती बरोबर घेऊन आला. चट्टे एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, दुखत नाहीत. सोयरीक मात्र मोडतात. कुतुबुद्दीन अशा घरांना ‘ल्युकोडर्मा’ देत. ल्युकोस म्हणजे पांढरे, डर्मा म्हणजे कातडी. “कोड म्हणू नका. ल्युकोडर्मा म्हणा. आन विचारलंच तर छाती काढून सांगा, लागत न्हाय.” चिमणाबाई नावाच्या बाईंनी चट्टे असलेल्या आपल्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तसे सांगितले. वराच्या आत्याने अर्थ विचारला. पांढरी कातडी, असे उत्तर मिळाल्यावर आत्या म्हणाली, “म्हंजे पोरगी गोरी हाय की! मग एवढं दबून काय सांगताय?” लग्न झाले. चिमणाबाईंनी खिडकीत पेढे आणून दिले. कुतुबुद्दीननी ते घेतले, आणि त्या काळापासून त्यांच्या चालण्यात थोडा ताठा आला, असे शेजारी सांगतात.

१९७४ साली त्यांच्या स्वतःच्या मुलीला, मलिकाला, कबनूरहून मागणी आली. मुलगा मौलाली, यंत्रमागावर कामाला. अत्तारांच्या नात्यागोत्यात अशी रीत होती की, गोड तोंडात पडण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापले उणे सांगून टाकायचे. साखर खाल्ल्यानंतर जे निघेल, त्याचा दोष लपवणाऱ्यावर. म्हणून साखरेची वाटी मधोमध होती आणि तिला कोणी हात लावला नव्हता. मलिकाच्या बाजूने तिची आई फातिमा हिने सांगितले की, पोरगी तोंडाची फटकळ आहे. मग मुलाचे चुलते, पण ज्यांना सारे गाव मामूच म्हणे, त्या हुसेन मामूंनी घसा साफ केला.

“आमच्या पोराला ल्युकोडर्मा हाय,” ते म्हणाले. ते सांगताना ते किंचित पुढे सरकून बसले, जणू मुलगा पदवीधर असल्याचे सांगत आहेत.

कुतुबुद्दीनच्या तोंडून एकच प्रश्न निघाला. “म्हंजे कोड?”

“आमी तो शब्द वापरत न्हाय,” हुसेन मामू दुखावून म्हणाले. “तुमच्याच खिडकीतनं शिकलोय की. ल्युकोस म्हंजे...”

“ठाऊक हाय मला.”

“लागत न्हाय.”

“ते बी ठाऊक हाय!”

साखरेची वाटी तशीच राहिली. शुक्रवारपर्यंत कळवतो, असे सांगून पाहुण्यांची बोळवण झाली. फातिमाच्या आठवणीप्रमाणे कुतुबुद्दीन त्या दिवशी जेवले नाहीत. शेकडो लोकांना भीतीतून बाहेर काढणारा शब्द त्यांच्यावर अजिबात चालला नाही, कारण त्याच्या आत काय आहे, ते त्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठले आणि याहून चांगले नाव आहे का, असे विचारले. डॉक्टरांनी ‘व्हिटिलिगो’ सुचवले. कुतुबुद्दीननी शब्दकोश उघडला. लॅटिन, पण मूळ संदिग्ध. कोणी ते ‘डाग, दोष’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, कोणी वासराच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांशी.

“डाक्टर, हे एक तर डाग, न्हाय तर वासरू. जावयाला काय म्हणून दाखवू?”

“रोग तोच आहे, कुतुब. नाव बदलून तुला काय मिळणार?”

“इतकी वर्सं सगळ्यांना काय मिळत होतं, ते मलाबी मिळंल की.”

डॉक्टरांनी पुढचा रोगी बोलावला.

गुरुवारी संध्याकाळी मलिकाने स्वतःच विषय काढला. हे संभाषण फातिमा आणि मलिका या दोघींनी स्वतंत्रपणे सांगितले असून ते बहुतांशी जुळते.

“आब्बा, त्यांचा हात बघितला मी. कोपरापर्यंत पांढरा हाय. मला चालतंय.”

“तुला कळत न्हाय. लोक काय म्हणतील?”

“लोकांना तुमी शिकवलंय काय म्हणायचं ते. ती चिमणाबाईची पोर नांदतीय न्हवं? का तिला दिलेलं औषध खोटं हुतं?”

“औषध न्हवतं ते. नाव हुतं.”

“मग मला नाव नको. माणूस द्या.”

फातिमा म्हणाली, “फटकळ हाय हे आधीच सांगितलंय मी.”

शुक्रवारी कबनूरला होकार गेला. निकाहाच्या दिवशी कुतुबुद्दीन मंडपाच्या दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला, कोणी विचारण्याआधी, एकच वाक्य सांगत राहिले: “जावयाला कोड हाय. लागत न्हाय. जेवून जा.” हुसेन मामू याने फार नाराज झाले, घराण्याच्या ल्युकोडर्म्याचा भर मांडवात अपमान झाला, असे त्यांचे म्हणणे होते. काही पाहुणे दारातूनच परतले. जोतीराम चौगुले जेवले, वराच्या शेजारी बसून जेवले, आणि आपले ग्रीक त्याच्यापेक्षा जुने आहे, हे त्याला समजावून सांगत होते.

त्यानंतरही खिडकी चालू राहिली आणि इतर दुखण्यांना नावे मिळत राहिली. चट्ट्यांचा रोगी आला की मात्र कुतुबुद्दीन नाव देत नसत. कबनूरच्या जावयाचा पत्ता सांगत आणि जाऊन बघून या म्हणत. कित्येकांना हा कंपाउंडरचा आळस वाटला आणि ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. १९८१ साली, खिडकीवर असतानाच, ते वारले.

‘व्हिटिलिगो’चे मूळ डाग की वासरू, हे अभ्यासकांना अद्याप निश्चित करता आलेले नाही. चट्टे नेमके कशाने येतात, हेही वैद्यकाला पूर्णपणे ठाऊक नाही. आणि गुरुवारच्या त्या संध्याकाळनंतर शुक्रवारच्या होकारापर्यंत कुतुबुद्दीन यांच्या मनात काय घडले, मुलीचे म्हणणे त्यांना पटले की तिच्यापुढे त्यांनी नुसती हार मानली, हे फातिमाला माहीत नाही, मलिकाला माहीत नाही, आणि तिसरा साक्षीदार नाही.