सातवा बांबू

तळ्यातला सातवा बांबू मी उपटला होता. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. (तिला सांगणं म्हणजे सासुरवाडीला सांगणंच, मध्ये फक्त एक मोबाइल असतो.)

माझी सासुरवाडी चांदूर बाजारजवळची. तिथलं तळं गावाने मिळून राखायचं ठरवलं. भोयांनी मासे धरावेत, शेतकऱ्यांनी पाणी घ्यावं, हौशी पाहुण्यांनी नावेतून फिरावं. पण पाखरांच्या घरट्यांकडे कोणीही फिरकायचं नाही. म्हणून बायकोचा धाकटा भाऊ सुधाकर याने महिनाभर खपून तळ्यात नावेची वाट आखली. लाल फडकं बांधलेले बारा बांबू! एका बांबूकडून दुसऱ्याकडे जायचं, बस. वाट मोडणाऱ्याला शिक्षा : आठ रविवार तळ्यात माजलेलं बेशरमाचं रानझुडूप उपटायचं. सूट फक्त जावयांना. कारण आमच्याकडे जावई चुकत नाही. चुकला तरी चुकत नाही.

"भाऊजी, उद्या वाटेचं उद्घाटन. पयली नाव तुमची!" सुधाकर म्हणाला. "चालवता येते ना?"

"कॉलेजात चालवायचो की!"

(कॉलेजात मी सायकल चालवायचो.)

म्हणून त्याच दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं पाहून मी गुपचूप सरावाला गेलो. नाव गोल फिरली. पुन्हा गोल फिरली. मग वल्हं हातातून सुटलं आणि माझ्यापेक्षा चांगलं पोहत निघून गेलं! हाताशी होता सातवा बांबू. तो उपटला, त्याने तळ रेटत रेटत वल्हं गाठलं, आणि बांबू परत जागेवर रोवायला वळलो. पण जागा कुठली? सगळीकडे पाणीच! अंदाजाने रोवला. (मी राजापेठेत भूगोलाची शिकवणी घेतो, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.)

सकाळी सात नावा निघाल्या. पहिलीत मी, पूजेचं ताट घेऊन सासूबाई आणि एक डफडंवाला. मी वल्ह्याला हात घालतो न घालतो तोच भोयांच्या नामाबुवांनी ते हिसकावलं. "जवाईबापूनं वल्हं माराचं? गावाची इज्जत जाईन ना!"

म्हणजे सरावाची गरजच नव्हती!

सहाव्या बांबूपाशी नामाबुवा थबकले. "सुधाकर, पुढचा बांबू तिकडं कावून दिसून राह्यला बे?"

"बरोबरच असन बुवा! म्या सोता लावला!" मागच्या नावेतून उत्तर आलं.

मी आकाशाकडे पाहत बसलो.

नाव सरळ बेशरमाच्या झुडपात घुसली आणि चिखलात रुतली. मागच्या सहा एकीवर एक आदळल्या. सासूबाई ताटासकट चिखलात बसल्या. "अवं माय वं!" आणि आमच्या नावेच्या अगदी नाकासमोर टिबुकलीचं तरंगतं घरटं, आत चार अंडी!

"वल्हं नोका मारू कोनी!" नामाबुवा ओरडले. "लाट गेली का घरटं उलटलंच!"

झालं! सगळं गाव कमरेइतक्या चिखलात उतरलं आणि सात नावा हातांनी मागे ओढू लागलं. मी पाय टाकला तो सरळ तोंडावर पडलो. डफडंवाल्याने डफडं डोक्यावर धरलं होतं. टिबुकली लांबून हा सोहळा पाहत होती. आम्ही पुरते बाहेर पडायच्या आत ती येऊन अंड्यांवर बसलीसुद्धा. अंडी वाचली.

सुधाकर नाही वाचला.

"याले दिशाच समजत नाही!" काठावर गलका झाला. तो बिचारा, "म्या तं बरोबर लावला होता..." एवढंच म्हणत राहिला. मग सरपंचबाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी भूगोलाचे. तुमीच सांगा, याची चूक हाय का नाही?"

बोल लेका, मन म्हणालं. मी तोंड उघडलं. तोंडात चिखल होता. ठसका लागला, आणि ठसक्यासरशी मान हलली.

"सर हो म्हून राह्यले!"

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी म्हनतात, तं माहीच चूक असन," तो म्हणाला.

वाटेचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. आठही रविवार तो छातीभर पाण्यात बेशरम उपटत होता, आणि मन खातं म्हणून आठही रविवार मी काठावर जाऊन बसत होतो. (सासूबाईंना वाटलं, जावयाला किती लळा! त्या दर वेळी रोडगे आणि वांग्याची भाजी करायच्या.)

"भाऊजी, अजून एक रोडगा घ्या ना!" सुधाकर पाण्यातून ओरडायचा.

मी घ्यायचो. तुपात बुडवून.

आता वाट दुसराच कोणी आखतो. सुधाकर काठावरून जाताना सातव्या बांबूपाशी थांबतो, डोळे बारीक करून पाहतो आणि मान हलवत पुढे जातो. त्याला अजूनही वाटतं, दिशा त्यालाच कळत नाहीत.

मी त्याचं देणं लागतो ते एवढं : अख्ख्या गावासमोर 'सातवा बांबू मी हलवला' हे एक वाक्य, आणि बेशरमाचे आठ रविवार. रोडग्यांशिवाय.