शेवटचा भाग न पाहिलेली बाई

सकाळी भाजीची गाडी बाजारात गेली की दिलीप एरवी झोपतो. त्या दिवशी तो आमच्या ओसरीत येऊन उभा राहिला. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. माझी थोरली जाऊ, तुमची मोठी आजी, जिला मी बाई म्हणायची, झोपेतच गेली होती... मुलांनो, त्या रात्री तुम्ही फोनवर विचारलंत, शेवटी ती काय करत होती? पोथी वाचत होती, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं. ते खोटं आहे. आदल्या दुपारी ती माझ्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन गुंडांची मालिका पाहत होती. आमच्या केनवड गावात हे कुणाला आवडत नाही, म्हणूनच छापायला देते आहे.

ती मालिका तुम्हीच एका दिवाळीत माझ्या टीव्हीवर लावून दिलीत. परदेशातली, जुनी, टोळ्या चालवणाऱ्या दोन घराण्यांची. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हटलं, भाषा कानावर राहील. बाई मळ्यातून सुपात मेथी घेऊन आली आणि निवडता निवडता म्हणाली, "काय बोलून राह्यले वं हे? मलेही सांग." तेव्हापासून रोज दुपारी ती सूप घेऊन यायची, मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगायची. शिव्या मात्र सोडून द्यायची. तिने ते पहिल्याच आठवड्यात पकडलं. "तो बुढा एवढा तावातावानं बोलला अन् तू दोनच शब्द सांगतेस? शिव्या गिळल्या ना तू? मास्तरीण झाली म्हणून काय झालं, त्याच्या तोंडचं त्याले बोलू दे!" आणि त्या जागी ती आपल्या पदरच्या वऱ्हाडी शिव्या घालायची. मूळ लेखकालाही सुचल्या नसत्या अशा.

असल्या मालिका जुन्या का होत नाहीत, यावर शिकलेली माणसं बरंच लिहितात. मला ते बाईकडून कळलं. बंदुका निघाल्या की ती मान खाली घालून मेथी निवडायची. माणसं जेवायला बसली की सूप बाजूला. कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणाला आधी वाढलं, लग्नात कोण तोंड फिरवून उभं राहिलं, हे ती डोळ्यांत तेल घालून पाहायची. म्हातारा टोळीवाला मुलाला जवळ घेऊन गोड बोलला की म्हणायची, "आता हा याचा हिस्सा खाते, पाह्य तू." आणि तसंच व्हायचं. आमच्या नवऱ्यांनी एका विहिरीवरून वर्षानुवर्षं अबोला धरला होता, तेव्हा आम्ही दोघी पाणी भरताना हळूच बोलायचो. एकदा त्या मालिकेतली घरधनीण नवऱ्याच्या शर्टावरचा डाग मुकाट्यानं धूत होती. बाई म्हणाली, "तिले सारं माहीत आहे. आपल्यालेही होतं ना वं?"

आमची नणंद एकदा बोललीच, "वयनी, या वयात हे खूनखराबे? त्यापेक्षा पोथी वाचा." बाई म्हणाली, "पोथीत काय कमी माणसं मारली आहेत काय? तिथं भाऊच भावाले मारते!"

एक मात्र होतं. शेवटचा भाग तिने मला कधी लावू दिला नाही. तिथवर आलो की रिमोट काढून घ्यायची. "पाहिला की संपली. मंग उद्या दुपारी कोणाच्या घरी जाव आपण?" आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. ऊन चढलं. दिलीप हात जोडून म्हणाला, "आई, मळा विकणार नाही." कावळा हलला नाही. तिची लेक म्हणाली, "नातीचं लग्न थाटात करतो." तरीही नाही. मग नणंद पदर सावरून पुढे झाली, "पोथी राह्यली असंल तिची. आमी पुरी करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. चार माणसांत माझ्या जावेची दुसरीच कोणी बाई करून टाकत होते! मी पुढे झाले आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हटलं, "बाई, शेवटचा भाग मी पाहणार नाही. पुन्हा पहिल्यापासून लावते." मागे कोणीतरी हसलं. "काकू, इथं तरी..." असं कोणीतरी कुजबुजलं. तेवढ्यात कावळा खाली आला.

माझा यावर विश्वास नाही. त्याला भूक लागली असेल. पण दिलेला शब्द मी पाळते. तुम्हा दोघांना शेवट माहीत आहे, हेही मला ठाऊक आहे. फोनवर तो सांगायचा नाही.

तिचं सूप अजून त्या खुर्चीवर आहे. नणंदेनं दोनदा उचलून स्वयंपाकघरात नेलं, मी दोनदा परत आणून ठेवलं. दुपारी मालिका लावते आणि खुर्चीकडे पाहून वाक्यावाक्याला मराठी करून सांगते. खिडकी उघडी असते, बाहेर ओट्यावर बायका बसलेल्या असतात. बसू देत. आता मी एकही शिवी गिळत नाही.