टेपआक्काचा शब्द

तिचं खरं नाव वस्तीत बहुधा तिला एकटीलाच आठवत असेल. गळ्यात सदा मोजपट्टी, म्हणून लहानथोर सगळ्यांची ती टेपआक्का. जेवतानाही पट्टी गळ्यातच. धाकटा भाऊ चिडवायचा, आक्का घासही मापूनच खाते. शाळेतल्या पोरांचे गणवेश वर्षानुवर्षं तिच्याच मशीनवर शिवले गेले, त्यामुळे वस्तीतलं एकही दार तिला परकं नव्हतं.

शाळेने मात्र तिला कायम हुलकावणी दिली. शाळा सुरू झाली ती पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत, चार इयत्तांची. गिरणी लागली की मास्तरांचा आवाज बुडायचा आणि पोरांची डोकी पांढरी व्हायची. आक्का चौथी झाली आणि तिच्यापुरती शाळा संपली, कारण पाचवी नव्हतीच. ती आईच्या मशीनवर बसली. पुढे दोन पक्क्या खोल्या उठल्या, पाचवी निघाली, तोवर आक्का लोकांचे कपडे बेतायला लागली होती. तिथून शाळा वाढत गेली ती तिच्या भावाच्या बरोबरीने. तो सहावीत जायचा तेव्हा सहावी निघायची, सातवीत जायचा तेव्हा सातवी. दहावीची पहिली तुकडी त्याचीच. आईवडील लवकर गेलेले, तेव्हा त्याला वाढवलं आक्कानेच. त्याचा निकाल लागला त्या दिवशी तिला वाटलं, आपणच दहावी झालो. असं वाटून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

भाऊ बाहेरगावी शिकून परत आला आणि शाळा समितीचा अध्यक्ष झाला. नंतर आजूबाजूच्या वस्त्यांच्या शाळा एकत्र करून एक मंडळ झालं, त्याच्याही खुर्चीत तोच. मंडळाने हमरस्त्याला लागून मोठी शाळा बांधली. प्रयोगशाळा, मैदान, वाचनालय, सगळं एकाच आवारात. मोठ्या पोरांनी तिकडे जावं याला कोणाची ना नव्हती. घोडं अडलं ते लहानांवर. पाच-सहा वर्षांची चिमुरडी रोज त्या लांबच्या बसमध्ये कोंबायची कशी? वस्तीची संमती हवी होती, तीही सभेत हात वर करून. अध्यक्ष बोलले की लोक माना डोलवायचे, पण हात काही वर जाईनात.

तेव्हा तो बहिणीकडे आला. पहिली ते चौथी इथेच राहणार, म्हणाला. मोठेच तेवढे तिकडे जातील. "तू सांग लोकांना. माझा शब्द आहे, आक्का."

आक्काला तेवढं पुरे होतं. ती दारोदार फिरली. कुठे हसून, कुठे दटावून, कुठे नुसतं उंबऱ्यात बसून तिने माणसं वळवली. सगळ्यात जास्त वेळ ती बसली पोस्टमनच्या सुनेकडे. तिच्या मुलीला गाडी लागायची. बाजारापर्यंत नेलं तरी पोर पिवळी पडून उलट्या करायची.

"तुम्ही सांगताय म्हणून हो, आक्का," सून म्हणाली.

"मी सांगतेय म्हणूनच," आक्का म्हणाली, आणि त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून उठली. सभेत भराभर हात वर गेले.

सुट्टीत भाऊ टेम्पोतून कापडाचे तागे घेऊन आला. नवा रंग, नवा गणवेश, आणि मंडळाने सगळं काम आक्कालाच दिलेलं. ती हरखली. म्हणाली, मोठ्यांची मापं उद्यापासून घेते. तर हा म्हणाला, आधी पहिलीच्या पोरांची घे, त्यांचे गणवेश पहिल्या दिवशी तयार हवेत. लहानांचा गणवेश तर जुनाच राहणार होता. आक्काने कात्री खाली ठेवली.

"पहिलीची पोरं कुठे चाललीत?"

तो ताग्याची घडी सारखी करत बसला. मग म्हणाला, दोन ठिकाणी शाळा चालवणं मंडळाला परवडत नाही, हे सभेच्या आधीच ठरलं होतं.

"तू माझ्याकडे आलास त्याच्याही आधी?"

"हो."

"मग मला कशाला फिरवलंस?"

"माझं कोण ऐकत होतं, आक्का? तुझं ऐकतात." हे तो अगदी सरळ म्हणाला, शाबासकी द्यावी तसं. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. कापणाऱ्याला वाटतं, आपण केस विंचरतोय. जिने हाताला धरून शाळेत नेलं तिलाच त्याने वापरलं, आणि त्यात काही चुकलं हे त्याच्या गावीही नव्हतं. आक्काला रडू आलं नाही. तिला किळस आली, आधी त्याची आणि मग स्वतःच्या भोळेपणाची.

ती तशीच उठून पोस्टमनच्या घरी गेली. सुनेला तिने सगळं सांगितलं, आपण फसलो आणि तुम्हालाही फसवलं असं. सुनेने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गणवेशाचं काम तुम्हालाच मिळालंय ना, आक्का? टेम्पो पाहिला आम्ही."

आक्काला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उठून पुढच्या दारी गेली. बाकीच्या दारांतही हेच झालं. कोणी भांडलं नाही, आत येऊन बसा म्हणालं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिने तागे जसेच्या तसे मंडळात परत पाठवले. तरी लोक म्हणाले, आता बोभाटा झाल्यावर पाठवणारच. भावाने गणवेश शहरातल्या कारखान्यातून आणवले, आणि आक्काची नजर आता अधू झाली असं सगळ्यांना सांगितलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

बस सुरू झाली त्या सकाळी आक्का कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. न जाणंही तिला जमेना. पोस्टमनची नात नव्या फ्रॉकमध्ये बुडाली होती. पायरीवर घेर पायात आला आणि पोर अडखळली. आक्का चटकन पुढे झाली, वर टाचणी मारून द्यावी म्हणून तिने घेर हातात धरला.

"सोडा," सून म्हणाली.

आक्काने सोडला. तेवढ्यात अध्यक्ष पुढे आले. त्यांनी मुलीला उचलून बसमध्ये खिडकीपाशी बसवलं, तिच्या गालाला हात लावला. मुलीच्या मांडीवर आईने दिलेली प्लास्टिकची पिशवी होती, ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बरं झालं साहेब, तुम्ही होतात," सून त्यांना म्हणाली.