कलम चौदा आणि पूजेतला लॅपटॉप

छापील काही दिसलं की तुंगाला वाचल्याशिवाय राहवत नसे. औषधाच्या डबीतली चिठ्ठी, तिकिटाची मागची बाजू, काहीही. घरचे म्हणत, "हिच्या हातात पुडीचा कागद देऊ नका, चहा गार होईल." पण शहरातल्या विजयनगर भागातून रोज आगगाडीनं नंजनगूडच्या कारखान्यात जाऊन बावीस वर्षं कारकुनी करणाऱ्या या बाईनं तिथला नोकरीचा करार शेकडो वेळा टाइप केला होता, वाचला मात्र कधीच नव्हता.

ती वेळ लेथवरचे जुने कारागीर शेषगिरी यांनी आणली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्यांच्या लेथ यंत्राला हळदकुंकू लागलं, हार चढला. दुपारी तीनला घाईची ऑर्डर आली आणि पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरनं, अमेयनं, लेथ सुरू करायला सांगितलं. शेषगिरी नाही म्हणाले. पूजेला बसलेलं यंत्र दसरा उलटेपर्यंत हलवायचं नाही, ही रीत ते एकतीस वर्षं पाळत आले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आज्ञाभंगाबद्दल त्यांच्या बडतर्फीचं पत्र निघालं आणि ते टाइप करायला तुंगाकडेच आलं.

करारात लिहिलं होतं, कामगारानं सर्व वाजवी आदेश पाळावेत. पण वाजवी म्हणजे काय? कुतूहलापोटी तिनं पानं उलटली. कलम चौदा सांगत होतं: त्या ठिकाणी, त्याच धंद्यातल्या समंजस माणसाला योग्य वाटेल ते वाजवी. म्हणजे साहेबांची मर्जी नव्हे, शेषगिरींचा हट्टही नव्हे.

मग हा समंजस माणूस राहतो तरी कुठे? तिनं त्याला शोधायचंच ठरवलं. घराजवळच्या हिनकलचा गॅरेजवाला म्हणाला, पूजेतला पाना तो उचलणार नाही. आगगाडीत भेटलेली वाणी नर्स होती. ती म्हणाली, "ऑक्सिजनचं यंत्र असतं तर हार बाजूला करून लावलं असतं. जिवाचा प्रश्न होता का?" तुंगानं मालाच्या नोंदी पाहिल्या. दसऱ्यानंतर तयार झालेला घाईचा तो माल चार दिवस गोदामातच पडून होता.

पत्राला साहेबांचा मूळ आदेश जोडायचा होता. फोरमनकडून आपल्या फोनवर मागवलेला तो निरोप तिनं उघडला, सवयीनं अक्षर न् अक्षर वाचला आणि थेट अमेयच्या टेबलाशी गेली.

"सर, हे तुम्हीच वाचा, बेकु. वाचायलाच हवं."

अमेयनं वाचलं: 'लॅपटॉप पूजेत आहे, म्हणून फोनवरून लिहितोय. शेषगिरींना लेथ सुरू करायला सांगा.'

त्यानं फोन तिला परत दिला. मग हळूच म्हणाला, "आईनं बजावलं होतं. दसऱ्यापर्यंत हात लावू नकोस म्हणाली."

"शेषगिरींना पण आई होतीच की, सर."

अमेयनं बडतर्फीचं पत्र मागून घेतलं, त्याची घडी करून खिशात घातली आणि तो शेषगिरींना भेटायला लेथकडे चालू लागला.