कापडाच्या छपराखाली

आज पहाटे समोरच्या गल्लीत लग्नाचा मांडव घातला आहे. नांदेडची थंडी यंदा जरा रेंगाळलीच. खिडकी उघडली तर धुक्याचा ओलसर वास थेट घरात आला. मांडवाच्या कडेला आचाऱ्यानं गॅसची मोठी भट्टी पेटवली आणि अंधारात भर्रकन ज्वाळा उठली, आधी पिवळी, मग निळी. आवाज तसा साधाच, लग्नसराईत रोज कानावर पडणारा. पण माझा हात आपसूक खिडकीच्या गजावर घट्ट आवळला गेला. वाटलं, आता पायाखालची फरशी अलगद उचलली जाणार. त्या सकाळीला तीन वर्षं झाली. मन कधीच पुढं निघून गेलं, शरीर मात्र अजून त्या वेताच्या टोपलीतच उभं असावं.

उंचीचं भय मला जन्माचंच. माहूरला देवीच्या पायऱ्या चढताना मी आजही डोंगराच्या अंगानं, भिंतीला खांदा घासत चढते. दरीच्या बाजूनं चालणारी माणसं दिसली की मी नजर फिरवते. दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा गॅलरीत वाळत घातलेली साडी मी बांबूनं ओढून आत घेत असे. अशा बाईनं पहाटेच्या अंधारात गरम हवेच्या फुग्यात बसून द्राक्षांच्या मळ्यांवरून जावं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

निमित्त झालं येळवसेचं. वेळ अमावस्येला आम्ही दरवर्षी औशाच्या पुढे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे जातो. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, पांडवांची पूजा करायची, आंबील प्यायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे पोटभर खायचे, आणि संध्याकाळी जड पोटानं बांधावरून परतायचं. त्या साली यजमानांचा एक जुना विद्यार्थी शेतात भेटायला आला. तिथून जवळच त्याची द्राक्षबाग. खायच्या द्राक्षांबरोबर त्यानं वाईनची द्राक्षं लावली होती, छोटासा कारखाना घातला होता, आणि शहरातली माणसं यावीत म्हणून त्या हिवाळ्यापुरती फुगा उडवणारी मंडळी बोलावली होती. उद्या पहाटे सरांनी यायचंच, असा त्यानं धोशा लावला. यजमान हो म्हणून मोकळे झाले आणि मग माझ्याकडे पाहिलं. आक्कांनी तेवढंच विचारलं, दारूची द्राक्षं का? गळ्यात इष्टलिंग असलेल्या लिंगायत घरात वाईन म्हणजे काय हे कसं सांगावं, ते त्या बिचाऱ्याला सुचेना. तो मान खाली घालून आंबील पीत राहिला.

आक्कांविषयी थोडं सांगायला हवं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. दगडमातीच्या रुंद भिंतींची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं पहाटेच्या झोपेतल्या माणसांवर बसली. आक्कांची चार वर्षांची लेक त्यात गेली. दाजी शेतावर राखणीला होते म्हणून वाचले. पुढे काही वर्षांनी तेही गेले. नव्या गावठाणात आक्कांना पक्कं घर मिळालं, पण त्या घरात त्यांनी ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः पुढच्या अंगणात पत्र्याचं शेड मारून राहिल्या. स्लॅबखाली त्या निजत नाहीत. नांदेडला येतात तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या उघड्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात, तिथंच चहा घेतात, भावाची ख्यालीखुशाली विचारतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. वर या, असं आम्ही म्हणणंही कधीच सोडून दिलं. लेकीबद्दल त्या बोलत नसत आणि कुणी विचारीत नसे. आमच्या घरात तो एक अलिखित नियमच होता.

म्हणूनच फुग्याचा विषय निघाल्यावर त्यांनी जे विचारलं त्यानं आम्ही चकित झालो. चुलीपुढं बसूनच त्यांनी मला विचारलं, "त्येच्यात वर काय असतंय?"

मी म्हटलं, कापड असतं, आक्का. मोठं रंगीत कापड.

"मग येते की मी. कापड पडलं तर पडलं. दबून तर मरत न्हाई माणूस."

झालं. सत्तरीकडे झुकलेली बाई निघाली म्हटल्यावर मला मागं राहायला तोंड उरलं नाही. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उद्या पाऊस यावा, वारा सुटावा, गाडी बंद पडावी, असे सगळे नवस मी मनातल्या मनात बोलून घेतले.

पहाटे बागेत पोचलो तेव्हा अमावस्येनंतरचा दाट काळोख होता. तारांच्या मांडवावर चढलेले वेल ओळीनं उभे; त्यांच्यामधल्या मोकळ्या रानात तो फुगा आडवा पसरलेला. मोठ्या पंख्यानं त्यात हवा भरली जात होती आणि कापड जनावरासारखं कूस बदलत होतं. मग ज्वाळा पेटली. त्या भडक्यात सगळी बाग क्षणभर उजळली, पुन्हा काळी झाली, पुन्हा उजळली. फुगा हळूहळू उठून उभा राहिला, आमच्या चारमजली बिल्डिंगएवढा, आणि त्याच्याखाली वेताची एक टोपली. एवढ्याशा टोपलीत चार माणसं! फुगा चालवणारा राजस्थानकडचा होता. त्यानं हिंदीतून नीट समजावलं की वर-खाली नेणं आपल्या हातात, पण दिशा वाऱ्याची. वारा नेईल तिकडे जायचं आणि जागा मिळेल तिथं उतरायचं. खालून गाडी मागोमाग येत राहील. उतरताना गुडघे वाकवायचे, आतल्या दोराच्या कड्या धरायच्या, सांगितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. तो हे अगदी शांतपणे सांगत होता, आणि मला वाटत होतं, ज्याला दिशा देता येत नाही त्या वाहनात माणसं बसतातच का?

जमीन सुटली ते मला कळलंच नाही. हिसका नाही, धक्का नाही. गाडीजवळ उभी असलेली माणसं लहान होऊ लागली तेव्हा उमगलं, आणि मी टोपलीच्या तळाशी उकिडवी बसले. वेताच्या विणीतल्या फटींतून खालचा करडा उजेड दिसत होता. त्या फटींखाली काही नाही, हा विचार एकदा शिरला तो निघेना. डोक्यावर आग, पायाखाली पोकळी. आग चालू असली की कानठळ्या बसत, पण ती थांबली की जी शांतता पसरे ती त्याहून भयंकर. त्या शांततेत खालचं कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं, कुणीतरी गुरांना हाकारलेलं ऐकू यायचं, इतकं स्पष्ट की वाटावं हात लांबवला तर त्या माणसाला धरता येईल. यजमान वरून हाका मारीत होते, ऊठ, सूर्य उगवतोय, पाहून घे. मी मान हलवत होते, पण उठत नव्हते.

मला उठवलं ते आक्कांनी. काठ धरून त्या उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला, चेहऱ्यावर तांबूस उजेड. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल मी पाहिला नव्हता. त्यांनी काही न बोलता दंडाला धरून मला उभं केलं. मी डोळे उघडले. द्राक्षांच्या ओळी विंचरलेल्या केसांसारख्या, तूर, हरभरा, उसाचे चौकोन, आणि शेताशेतात कालच्या येळवसेच्या कोपी, बोटाच्या पेराएवढ्या. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू, सुंदरच होतं. पण काठ धरलेला माझा हात काही सैल झाला नाही. सौंदर्यानं भय जातं असं म्हणणारे कधी नीट भ्यालेले नसावेत.

वारा आम्हाला दक्षिणेकडे ढकलत होता. ऊस संपला, माळ लागला आणि माळाच्या कडेला बाभळींचं एक बेट दिसलं. आक्का एकदम पुढं वाकल्या. बाभळी वेड्यावाकड्या माजल्या होत्या, पण त्यांच्यामधून फिकट रेषा गेल्या होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. मला आधी ओढे वाटले.

"गाव हाय," आक्का म्हणाल्या. "ती मधली, वेशीपसून आलेली, ती आमची गल्ली."

भूकंपानंतर त्या जुन्या गावात पुन्हा गेल्या नव्हत्या. रस्त्यानं जाताना त्या बाजूची खिडकीसुद्धा टाळून बसत. आता त्या बोटानं दाखवत होत्या, हा मठ, ही शाळा, हा आड. आवाज स्थिर होता. यजमानांनी तोंड फिरवलं. त्यांच्या बालपणीच्या सुट्ट्या बहिणीच्या सासरी, त्याच गल्लीत गेलेल्या.

वारा वाढला तो तेवढ्यात. फुगेवाला आतापर्यंत अधूनमधून काही सांगत होता, तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं मी आधी टिपलं. भित्र्या माणसाला अशा गोष्टी लवकर कळतात. तो खाली उतरवू लागला आणि समोर विजेच्या मोठ्या तारा दिसल्या. त्यानं आग सोडली, सोडतच राहिला. फुगा लगेच उठत नाही, जरा वेळ विचार केल्यासारखा घुटमळतो. तेवढ्या वेळात मी यजमानांचा हात शोधला, मुलांची तोंडं आठवली, घरी फ्रिजमध्ये राहिलेलं दूधही आठवलं. तारा खालून गेल्या. किती खालून ते मी पाहिलं नाही. मग पलीकडच्या हरभऱ्याच्या रानात त्यानं दोर ओढून हवा सोडली आणि ओरडून सांगितलं, बसा, धरा.

पहिला दणका बसला तेव्हा दात दातांवर आपटले. टोपली उसळली, पुन्हा आपटली, आडवी झाली आणि जमिनीवरून खडखडत फरफटत निघाली. माती, हरभऱ्याचे आंबट डहाळे, कुणाची तरी चप्पल, सगळं अंगावर. माझं भय त्या क्षणी संपलंसुद्धा होतं, कारण जमीन लागली होती. पण मग आक्कांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर आभाळात निवांत असलेली ती बाई आता पांढरीफटक पडली होती. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसावं. जमीन हादरत होती ना! त्यांनी माझा हात धरला होता, आणि ती पकड अशी होती की बोटं मोडतील असं वाटलं.

टोपली थांबली. वरचं कापड हळूहळू पुढच्या रानावर बसत गेलं. फुगेवाल्यानं सगळ्यांची विचारपूस केली, यजमानांना बाहेर काढलं. आम्ही दोघी तशाच. मी म्हटलं, आक्का, झालं, थांबलं. त्यांनी मान हलवली, पण हात सोडला नाही. मग त्या बोलल्या, इतक्या हळू की यजमान बाहेरून वाकून ऐकू लागले.

"उजव्या अंगाला निजली व्हती. भित त्याच अंगाला आली. हात माझ्या हातातच व्हता तिचा. उन्हं वर आल्यावर लोकांनी काढलं मला. तवर सोडला न्हाई म्या."

बाकी काही त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यजमान आत रांगत आले आणि बहिणीच्या पायाशी बसले. साठीचा माणूस, कॉलेजातून निवृत्त झालेला, आडव्या टोपलीत मातीनं माखून लहान मुलासारखा रडला. आक्कांनी डाव्या हातानं त्यांच्या केसांतले हरभऱ्याचा पाला वेचला. उजवा माझ्या हातात होता.

गाडी आली तेव्हा आक्का म्हणाल्या, गावाकडून घ्या. कोणत्या गावाकडून ते कळायला ड्रायव्हरला वेळ लागला, आम्हाला नाही. जुन्या वेशीपाशी, म्हणजे वेस होती त्या जागी, त्या उतरल्या. आत गेल्या नाहीत. बाभळींच्या सावलीत उभ्या राहून त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "बास. आज इथवरच."

फुग्यात बसून आक्कांची भीती गेली असं मी लिहिणार नाही. त्या अजून पत्र्याच्या शेडमध्येच निजतात आणि नांदेडला आल्या की पार्किंगमध्येच बसतात. माझंही तसंच, पुन्हा कुणी बोलावलं तर मी जाणार नाही. एवढंच की आता आक्का कधीमधी लेकीचं नाव घेतात, तिला भज्जी आवडायची नाही असं काही सहज बोलून जातात, आणि आम्ही ऐकतो.

त्या फिकट रेषांचं कोडं मात्र मला नंतर उलगडलं. पडलेल्या भिंतींच्या ढिगांवर बाभळी माजल्या, पण गल्ल्यांमध्ये त्यांना मूळ धरता आलं नाही. पिढ्यान्पिढ्या माणसांनी, गुरांनी, पोरांनी तुडवून ती माती इतकी घट्ट केली होती की तिथं नुसतं गवतच उगवतं. घरं गेली, माणसं गेली, आणि त्यांचं रोजचं जाणं-येणं तेवढं जमिनीत राहिलं. जमिनीवर उभं राहून ते दिसत नाही. बाभळींच्या काट्यांतून आत शिरलं तर पायांना मात्र कळत असावं.