वाशावरची राख

चूक विक्रमचीच. जूनमधल्या एका रविवारी मॅच ऐन रंगात आलेली, तेवढ्यात टीव्हीवर चौकोन नाचायला लागले आणि हा गडी डिश फिरवायला थेट कौलांवर चढला. शहरात टिळकवाडीत वकिलाकडं टायपिंग करणाऱ्याला कौलांवर पाय कुठं टाकायचा हे कुठलं ठाऊक? आढ्याजवळचं एक कौल कडकन बोललं. विक्रमनं भेगेवर खताच्या पोत्याचा तुकडा खोचला, खाली उतरला आणि उरलेली मॅच बघितली. आईला, मालुबाईला, काही सांगितलं नाही. मे महिन्यात कौलं परतून जाताना भावकूआप्पानं बजावलं होतं, "दिवाळीपतोर कुणी वर पाय ठिवायचा न्हाय."

भावकूआप्पा पन्नास वर्षं कंग्राळीत कौलं परतत होता. एकेक कौल उतरवायचा, शेवाळ खरवडायचा, बोटाच्या पेरानं टकटक करून कानाशी धरायचा, मग पुन्हा बसवायचा. नजर अधू होऊन पाच वर्षं झाली, तरी म्हणायचा, "माझं डोळं बोटांत हाईत रं." गावात स्लॅब वाढले, कौलांची अकरा घरं उरली. बायको गेल्यापासून पोरगा परशराम त्याला शहरात खासबागला बोलवत होता, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. आप्पाचं उत्तर ठरलेलं, "माझी अकरा घरं कोण बघंल? गळाय लागली की येतो."

जुलैत मालुबाईच्या तांदळाच्या पोत्यावर थेंब पडायला लागला. ती पावसातच आप्पाच्या दारात गेली. "भावजी, तुमी परतल्याली कौलं गळत्यात!" शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं. आप्पा तसाच डोक्यावर पोतं घेऊन आला.

गळती शोधायची त्याची रीत वेगळी होती. थेंब पडतो त्याच्या वरच कौल फुटलेलं असतं, असं त्याला कधी वाटलं नाही. पाणी वाशावरनं चार हात चालत येतं. म्हणून तो वाशाला चुलीतली कोरडी राख फासायचा आणि गप बसायचा. पाणी ज्या वाटेनं येईल, तेवढी राख काळी पडायची.

राख फासून अर्धा तास झाल्यावर तो पुन्हा शिडीला हात घालणार, तोच मालुबाई ओरडली, "तुमी नगा चढू, ह्या ठोंब्याला चढवा."

विक्रम चढला. राखेतली काळी रेघ नागासारखी वर गेलेली, सरळ आढ्याकडं, त्याच्याच कौलापाशी.

"बघ रं, कुठवर गेलीया?" खालनं आप्पानं विचारलं.

विक्रमनं शर्टाच्या बाहीनं वरची राख पुसून टाकली. "हितवरच, आप्पा. मधल्या आडव्या रिपेपाशी."

आता आप्पा स्वतः चढला. तिथलं कौल त्यानं चाचपलं, कडेनं बोट फिरवलं, टकटक केली. "बसलंय की गा नीट," तो पुटपुटला. काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. पुन्हा चाचपलं. उतरताना मजुरीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच विक्रमनं गुपचूप फुटकं कौल बदलून टाकलं. गळती थांबली. घर वाचलं, पोतं वाचलं, आपली अब्रूही वाचली म्हणून साहेब खूश.

मालुबाईनं चांगल्या मनानं आप्पाला निरोप धाडला, "भावजी, थांबलं बघा. तुमी धरल्यालंच कौल व्हतं."

त्या निरोपानं म्हातारा बसला. जे कौल बोटांना नीट लागलं, तेच गळत होतं म्हणजे बोटंही गेली. डोळे गेले तेव्हा त्यानं ते थट्टेवारी नेलं होतं. हे मात्र घरोघर जाऊन सांगितलं. अकरा घरांतल्याच अंबुबाईच्या पडवीत उभा राहून म्हणाला, "आक्का, फुडल्या साली दुसरा गडी बघा. माझा हात गेला."

"काय तरीच बोलतासा," अंबुबाई म्हणाली. पण पुढच्या उन्हाळ्यात तिनं पत्रेच घातले.

विक्रम त्या वर्षभरात तीनदा आप्पाच्या दारापर्यंत गेला. एकदा चहा पिऊन आला. एकदा आप्पा झोपला होता. एकदा तर "आप्पा, त्या कौलाचं..." इथवर बोलला. आप्पानंच हात वर केला, "ते नगं काढूस रं, लई लागतंय."

पुढच्या मे महिन्यात आप्पा पोराकडं जायला तयार झाला; परशरामला रजा मिळेना, तेव्हा त्याला खासबागला सोडायचं काम विक्रमवर आलं. सामान म्हणजे एक पिशवी. शिडी भावकीतल्या कुणी तरी दोडक्याच्या वेलाला लावून टाकली होती.

स्कूटरवर मागं बसल्यावर आप्पानं त्याचा खांदा चाचपला आणि घट्ट धरला.

"विक्रम, तुझ्या घरची एक खेप देनं लागतो मी. मजुरी घेटली आनी घर गळलं. फुकट परतून देनार व्हतो बग."

"असू दे की, आप्पा."

"असू कसं दे? ऱ्हायलंच की ते."

विक्रमनं किक मारली. खासबाग येईपर्यंत तीन सिग्नल लागले. तिन्ही लाल होते. बोलायला भरपूर वेळ होता.